बागेला सर्टिफिकेट मिळतं, पण एचओएची नोटीस थांबते का?

गेले काही महिने अमेरिकेतल्या श्रोत्यांकडून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. घर घेतलं, पुढे-मागे थोडी जागा आहे, लॉन काढून पक्षी-फुलपाखरं येतील अशी बाग करायची आहे. पण एचओएची भीती वाटते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एचओए म्हणजे घरमालकांची संघटना, आपल्या सोसायटी कमिटीसारखीच, फक्त वकील जरा जवळ ठेवणारी. मग ओळखीतलं कोणीतरी सांगतं की 'सर्टिफाइड वाइल्डलाइफ हॅबिटॅट'ची पाटी लावून टाका, मग कोणी हात लावू शकत नाही.

तर आधी उत्तर देऊन टाकतो: असं काही नाही. सर्टिफिकेट जरूर काढा, पण त्याच्या भरवशावर लॉन उकरू नका. आता सविस्तर बोलू.

हे सर्टिफिकेट देते नॅशनल वाइल्डलाइफ फेडरेशन ही संस्था. सरकारी खातं नाही, १९३६ साली सुरू झालेली स्वयंसेवी संस्था आहे. बागांचा हा कार्यक्रम १९७३ पासून चालू आहे आणि आजवर तीन लाखांहून जास्त जागा त्यात नोंदल्या गेल्यात. अटी पाच गोष्टींच्या. अन्न, म्हणजे बिया, फळं, मध, पराग वगैरेंपैकी किमान तीन प्रकार. पाण्याची किमान एक सोय. लपायला दोन जागा, पिल्लं वाढवायला दोन जागा. आणि शेवटी बाग सांभाळायची पद्धत: रासायनिक फवारणी टाळणं, पाणी-माती वाचवणं, परदेशी आक्रमक झाडं हटवणं, अशा गोष्टी. जागेच्या आकाराची अट नाही, त्यामुळे भाड्याच्या अपार्टमेंटची बाल्कनीसुद्धा चालते. ऑनलाइन फॉर्म भरायचा, साधारण २० डॉलर भरायचे. पाटी हवी असेल तर तिचे पैसे वेगळे.

बघायला कोणीही येत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर सगळं फ्रंटएंड व्हॅलिडेशन आहे, सर्व्हर काहीच तपासत नाही. तुम्ही टिक केलं, ते मानलं गेलं. मला यात फसवणूक दिसत नाही. लाखो अंगणं तपासायला माणसं पाठवली असती तर हा कार्यक्रम पहिल्याच वर्षी बंद पडला असता. पण मग सर्टिफिकेटचा अर्थ तेवढाच घ्यायचा: 'मी या पाच गोष्टी केल्या असं मी सांगतो.'

आणि फॉर्म जे विचारत नाही तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. बर्डफीडर टांगला, पाण्याचं भांडं ठेवलं, दोन दाट झुडपं लावली की बऱ्याचशा टिका पूर्ण होतात. पण पक्षी पिल्लांना बिया भरवत नाहीत, अळ्या भरवतात. डेलावेअर विद्यापीठातले कीटकशास्त्रज्ञ डग टॅलमी हे वर्षानुवर्षं सांगतायत. चिकडी नावाचा एक पक्षी आहे, वजन जेमतेम दहा-बारा ग्रॅम. एका वेळची पिल्लं उडायच्या लायकीची होईपर्यंत या जोडीला ६,००० ते ९,००० अळ्या लागतात! त्या फीडरमधून येणार नाहीत, झाडावरूनच येणार. तिथल्या मूळच्या ओक वृक्षांवर शेकडो जातींच्या अळ्या वाढतात. बाहेरून आणलेल्या गिंकगोवर जवळजवळ काहीच नाही. वॉशिंग्टन डीसी परिसरातल्या घरांच्या बागांमध्ये झालेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की झाडाझुडपांपैकी साधारण ७० टक्के हिस्सा स्थानिक असेल, तरच चिकडीची संख्या टिकते.

त्यामुळे फॉर्म भरायच्या आधी फेडरेशनच्याच साइटवरचं 'नेटिव्ह प्लांट फाइंडर' उघडा. झिपकोड टाकला की कोणत्या स्थानिक झाडावर किती जातींच्या अळ्या जगतात, त्या क्रमाने यादी मिळते. माझ्या मते या सगळ्या कार्यक्रमातली सर्वात कामाची गोष्ट हीच आहे, आणि ती फुकट आहे.

कोणी म्हणेल, माझ्या चार वाफ्यांनी काय होणार? २००५ मधल्या एका अंदाजानुसार अमेरिकेत लॉनखाली सुमारे १ लाख ६३ हजार चौरस किलोमीटर जमीन आहे. आख्खा महाराष्ट्र ३ लाख ७ हजारांचा. म्हणजे अर्ध्याहून जास्त महाराष्ट्रभर नुसतं कापलेलं गवत!

आता नोटिशीकडे येऊ. घर घेताना तुम्ही एचओएचे नियम मान्य करता, आणि ते कायद्याने तुम्हाला बांधतात. एका खाजगी संस्थेची पाटी तो करार रद्द करू शकत नाही. याशिवाय नगरपालिकेचे नियम असतातच. कित्येक ठिकाणी गवत आठ-दहा इंचांच्या वर गेलं की दंड होतो.

पण कायदा बदलू शकतो, आणि एका ठिकाणी तो बदललाय. मेरीलँडमधल्या कोलंबिया गावात एका जोडप्याने लॉनऐवजी स्थानिक झाडांची बाग केली होती. शेजाऱ्याच्या तक्रारीवरून २०१७ च्या अखेरीस एचओएच्या वकिलांचं पत्र आलं की लॉन परत लावा. ते दोघं अडून बसले. प्रकरण कोर्टात गेलं, वकिलांवर सुमारे ६० हजार डॉलर खर्च झाले, २०२० च्या शेवटी तडजोड झाली आणि बहुतेक बाग वाचली. याच प्रकरणातून पुढे मेरीलँडच्या विधिमंडळात विधेयक आलं. १ ऑक्टोबर २०२१ पासून त्या राज्यात एचओएला परागीकरणाच्या बागा, पावसाचं पाणी जिरवणाऱ्या बागा अशांवर अवाजवी बंधनं घालता येत नाहीत. तुम्ही मेरीलँडमध्ये असाल तर तुमचं खरं संरक्षण हा कायदा आहे. दुसऱ्या राज्यात असाल तर आधी तिथला कायदा आणि तुमच्या एचओएचे नियम वाचा. कंटाळवाणं काम आहे, पण ६० हजारांपेक्षा स्वस्त.

मग पाटीचा उपयोग काय? आहे, पण वेगळा. जोन नासावर या लँडस्केप आर्किटेक्टने १९९५ मध्ये एक लेख लिहिला होता. मुद्दा असा की लोकांना रानटीपणा तितका खुपत नाही, निष्काळजीपणा खुपतो. बाग कितीही दाट असू दे, तिच्याकडे कोणी लक्ष देतंय याच्या खुणा दिसल्या की बघणाऱ्याचं मत बदलतं. फूटपाथलगत दोन-तीन फूट कापलेल्या गवताची पट्टी, दगडांची सरळ कड, स्वच्छ पायवाट, उंच झाडं मागे आणि बुटकी पुढे. पाटी ही त्यातलीच एक खूण. 'यांना मशीन फिरवायचा आळस आहे' याऐवजी 'हे मुद्दाम केलंय' असं शेजाऱ्याला समजतं. आणि तक्रार करणारा बहुतेक वेळा शेजारीच असतो.

कमिटीकडे जाताना सर्टिफिकेट अर्जासोबत जोडा, अर्जाऐवजी नको. साधा नकाशा, झाडांची नावं, त्यांची पूर्ण वाढल्यावरची उंची आणि देखभाल कोण करणार हे लिहा. लेखी परवानगी हातात आल्याशिवाय फावडं उचलू नका. पहिल्या वर्षी आख्खं पुढचं अंगण बदलण्यापेक्षा मागचा एक कोपरा घ्या. पाण्याचं भांडं ठेवलं की 'डास होतील' हा आक्षेप येणारच. दर दोन-तीन दिवसांनी पाणी ओतून बदललं तर डासांच्या अळ्यांना मोठं व्हायला वेळच मिळत नाही, हेही अर्जात लिहून टाका.

एक झाड मात्र यादीत असू द्या: मिल्कवीड. मोनार्क फुलपाखराच्या अळ्या फक्त यावरच जगतात, आणि मोनार्कला संकटग्रस्त जातींच्या कायद्याखाली घेण्याचा प्रस्ताव अमेरिकन सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये मांडलाय. आपल्याला हे झाड तसं परकं नाही. शनिवारी मारुतीला वाहतो ती रुई याच्याच कुळातली, आणि गावाकडे रुईवर दिसणारी केशरी-काळी फुलपाखरं मोनार्कची चुलत भावंडं. रुईसारखाच याचाही चीक विषारी, तेव्हा लहान मुलं असतील तर लावायची जागा जपून निवडा. नर्सरीत 'ट्रॉपिकल मिल्कवीड' मिळालं तर घेऊ नका, आपल्या भागातली स्थानिक जात मागा, आणि रोपांवर कीटकनाशक मारलंय का तेही विचारा. बियांपासून करणार असाल तर थंडीच्या तोंडाशी जमिनीत टाकून द्या. बहुतेक स्थानिक जातींच्या बियांना काही आठवडे ओली थंडी लागते, त्याशिवाय त्या नीट उगवत नाहीत.