न बोलता टाकलेली राख

राखेच्या बुधवारी धर्मगुरू भाविकांच्या कपाळावर राखेचा क्रूस काढतात आणि कॅथलिकांचा उपवासकाळ सुरू होतो. करोनाच्या साथीत हा स्पर्शच धोक्याचा ठरला. म्हणून व्हॅटिकनने १२ जानेवारी २०२१ रोजी वेगळी रीत कळवली: राख लावताना म्हणायचे वचन सर्वांसाठी एकदाच म्हणावे, हात स्वच्छ करून मास्क लावावा आणि काही न बोलता राख डोक्यावर टाकावी.

आदल्या वर्षीचा उपवासकाळ अधिक कठीण होता. इटलीत सार्वजनिक मिस्साच (चर्चमधील सामूहिक उपासना) थांबल्या. पोप फ्रान्सिस यांनी २७ मार्चला ओस पडलेल्या सेंट पीटर्स चौकात, पावसात प्रार्थना केली. तिथे १५२२ च्या प्लेगमध्ये रोमभर फिरवलेला क्रूस ठेवला होता.

पण अशा काळात धर्मगुरूसमोर पापांची कबुली देण्याचा कबुलीसंस्कारच मिळाला नाही तर? देवावरील प्रेमापोटी मनापासून पश्चात्ताप करावा, संधी मिळताच कबुली देण्याचा निश्चय करावा, क्षमा मिळते. साथीत अनेकांना धीर देणारी ही शिकवण चर्चमध्ये आधीपासूनच आहे.