गर्भाच्या छातीत गाठ : पहिल्याच रिपोर्टवर निर्णय नको

"डॉक्टर, बाळाच्या छातीत गाठ आहे म्हणतात. कॅन्सर असेल का? खाली करून टाकावं का?" पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात घेऊन आलेली जोडपी हे प्रश्न विचारतात, तेव्हा मी आधी त्यांना बसायला सांगतो.

ही गाठ बहुतेक वेळा कॅन्सरची नसते. फुफ्फुसाचा एखादा भाग घडतानाच बिघडतो आणि त्यात लहानमोठ्या पिशव्या तयार होतात. याला 'सीपॅम' म्हणतात. आईने काय खाल्ले, ग्रहण पाळले की नाही, याचा त्याच्याशी काहीही संबंध नाही.

मग धोका कसा ओळखायचा? फिलाडेल्फियाच्या मुलांच्या रुग्णालयातील डॉक्टरांनी 2002 मध्ये एक सोपे गणित मांडले. गाठीची लांबी, रुंदी आणि उंची यांच्या गुणाकाराला 0.52 ने गुणायचे आणि बाळाच्या डोक्याच्या घेराने भागायचे. गाठ 4 बाय 3 बाय 3 सेंटिमीटर आणि डोक्याचा घेर 17.5 सेंटिमीटर असेल, तर उत्तर 1.1 च्या आसपास येते. या आकड्याला 'सीव्हीआर' म्हणतात. तो 1.6 च्या वर गेला, तर गाठीचा दाब हृदयावर येऊन बाळाच्या छातीत, पोटात पाणी साठण्याचा धोका बराच वाढतो. हा 'हायड्रॉप्स' झाला आणि उपचार मिळाले नाहीत, तर बाळ दगावू शकते. गाठीत एकच मोठी पिशवी असेल, तर आकडा कमी असूनही सावध राहावे लागते, कारण ती अचानक फुगू शकते.

मात्र आकडा एकदा काढून भागत नाही. गाठ साधारण 26 ते 28 आठवड्यांपर्यंत वाढते. पुढे बाळ वाढते आणि गाठ त्या मानाने लहान होत जाते. कधी ती सोनोग्राफीत दिसेनाशीही होते. आकडा वाढलाच, तर बारीक पिशव्यांच्या गाठीसाठी आईला स्टेरॉइडची इंजेक्शने देता येतात; मोठ्या पिशवीतले पाणी काढता येते.

गर्भपाताच्या 24 आठवड्यांच्या मुदतीमुळे घरचे घाई करतात. पण गंभीर व्यंग असेल, तर त्यानंतरही वैद्यकीय मंडळ परवानगी देऊ शकते. म्हणून आधी तीन गोष्टी विचारा : सीव्हीआर किती आहे? कुठे पाणी साठले आहे का? पुढची सोनोग्राफी कधी?

आणि गाठ 'गेली' असे सांगितले, तरी जन्मानंतर बाळाची तपासणी चुकवू नका. सोनोग्राफीत न दिसलेली गाठ सीटी स्कॅनमध्ये अनेकदा सापडते.