पाठीवरचे सामान कोरडे, तर पावसातली पायपीट सुखाची

पावसाळा लागला की आपल्या बुलढाणा जिल्ह्याचे रूप पालटते. उन्हाळ्यात करपून गेलेल्या अजिंठ्याच्या डोंगररांगा हिरव्या होतात. राजूर घाटात ढग उतरतात. लोणारच्या विवरात झाडी दाटते आणि संग्रामपूर, जळगाव जामोदच्या बाजूला सातपुडा खुणावू लागतो. अशा दिवसांत वस्तीतली तरुण मुले-मुली, वसतिगृहातले विद्यार्थी, कधी दोन-चार कुटुंबे मिळून पायी भटकंतीचा बेत आखतात. ही चांगलीच गोष्ट आहे. डोंगर चढणे ही काही केवळ पैसेवाल्यांच्या मुलांची हौस नव्हे.

अडचण येते ती पाठीवरच्या सामानाची. पहिल्याच जोराच्या सरीत सॅक भिजते. आतली चादर, स्वेटर, शिदोरी सगळे चिंब होते आणि रात्र कुडकुडत काढावी लागते. आपल्या घरांत बहुतेक वस्तू एकेकच असतात. स्वेटर एक, ब्लँकेट एक, आणि शाळेला नेतात तीच सॅक सहलीला. ती खराब झाली तर लगेच दुसरी आणणे जमत नाही. मग पुढच्या वर्षी घरातूनच नकार येतो, आणि तो मुलींच्या वाट्याला आधी येतो.

दुकानात पावसाळी सामान मिळते, पण त्याची किंमत ऐकूनच माणूस मागे फिरतो. वाचकहो, सामान कोरडे राहते ते महागड्या सॅकमुळे नव्हे, तर ते भरण्याच्या पद्धतीमुळे. ती पद्धत घरातल्याच वस्तूंनी साधता येते.

पाणी शिरते कुठून?

सॅकचे कापड जाड असले तरी शिवणीला सुईची शेकडो छिद्रे असतात. चेनच्या दातांतून पाणी झिरपते. वरून कव्हर घातले तरी पाठीची बाजू उघडीच राहते. मानेवरून ओघळणारे पाणी थेट त्या बाजूला जाते, त्यात घामाची भर पडते. कव्हरच्या तळाशी पाणी साचले तर सॅकचे बूड त्या पाण्यात भिजत राहते. शिवाय दमलेला माणूस सॅक चिखलात टेकवतो, तेव्हा खालून ओल चढते ती वेगळीच.

म्हणजे पाणी चारही बाजूंनी येते. सॅक भिजणारच, असे धरून चालावे आणि आतली वस्तू भिजणार नाही याची सोय करावी. सगळी युक्ती एवढीच आहे.

शेतात राबणाऱ्यांना हे नवीन नाही. कडब्याची गंजी रचताना बुडाशी दगड किंवा लाकडे घालतात आणि माथा उतरता ठेवतात. खामगावच्या बाजारात कापूस नेणारा शेतकरी वरून ताडपत्री बांधतो, पण गाडीच्या तळाचीही काळजी घेतो. वरचे पाणी आणि खालची ओल ही दोन वेगळी संकटे आहेत, हे त्याला ठाऊक असते. पाठीवरच्या सॅकलाही तोच न्याय लावावा.

सामानाचे तीन ढीग

निघण्याच्या आदल्या दिवशी सगळे सामान सतरंजीवर मांडून त्याचे तीन ढीग करावेत.

पहिला ढीग भिजले तरी चालेल अशा वस्तूंचा. पाण्याची बाटली, ताट, पेला, दोरी, चपला. यांना वेगळे बांधण्याची गरज नाही.

दुसरा ढीग भिजू नये अशा वस्तूंचा. भाकरी, चटणी, फुटाणे, गूळ, टॉवेल, बदलायचे कपडे.

तिसरा ढीग कोणत्याही परिस्थितीत भिजता कामा नये अशा वस्तूंचा. रात्रीचे पांघरूण, अंगात घालायचा एक पूर्ण कोरडा जोड, काडेपेटी, बॅटरी, औषधे, मोबाईल, पैसे. कोणाला दम्याचा पंप किंवा रोजच्या गोळ्या लागत असतील तर त्या सर्वांत आधी. हा ढीग जितका लहान, तितका तो सांभाळणे सोपे.

पांघरुणाबाबत एक सूचना. सुती गोधडी घरात ऊबदार असली तरी ती पाणी फार पिते, जड होते आणि पावसाळी हवेत दोन-दोन दिवस वाळत नाही. जीनच्या पँटचेही तसेच. त्याऐवजी लोकरीचे किंवा हलके ब्लँकेट आणि पॉलिस्टरची पँट न्यावी. लोकर थोडी ओली झाली तरी काही ऊब देते. म्हणून तर मेंढपाळ घोंगडी सोडत नाही.

सॅकला आतून अस्तर

सॅकपेक्षा मोठी, जाड आणि न फाटलेली प्लास्टिकची एक पिशवी शोधावी. सॅकमध्ये ती अस्तरासारखी आत सोडावी आणि सगळे सामान त्या पिशवीत भरावे. भरून झाल्यावर पिशवीतली हवा दाबून काढावी, तोंडाला पीळ द्यावा, तो पीळ दुमडून सुतळीने किंवा रबराने घट्ट बांधावा. नुसती गाठ मारली तर तिच्या घड्यांतून पाणी उतरते. पीळ दुमडला की वाट बंद होते.

या मोठ्या पिशवीच्या आत तिसऱ्या ढिगातल्या वस्तू पुन्हा वेगवेगळ्या लहान पिशव्यांत बांधाव्यात. एक पिशवी फाटली तरी दुसरी सांभाळते. ब्लँकेट विकत घेताना मिळते ती चेनची पिशवी, तांदूळ किंवा पीठ येते ती जाड पिशवी, हे सर्व धुऊन, वाळवून वापरता येते. काडेपेटी आणि मीठ घट्ट झाकणाच्या लहान डबीत ठेवावे. खताच्या गोणीतली पिशवी मजबूत असली तरी ती खाण्याच्या वस्तूंना किंवा अंगावरच्या कपड्यांना वापरू नये.

आपल्या राज्यात २०१८ पासून प्लास्टिकच्या हातपिशव्यांवर बंदी आहे. तेव्हा पातळ पिशव्यांच्या मागे लागू नये. त्या टिकतही नाहीत. आणि नेलेली प्रत्येक पिशवी घरी परत आणावी. डोंगरात टाकलेली पन्नी गाय-बकरीच्या पोटात जाते.

घरच्या घरी परीक्षा

निघण्यापूर्वी ही तयारी तपासून पाहावी. सॅकमध्ये अस्तर घालून त्यात जुनी वर्तमानपत्रे भरावीत, तोंड बांधावे आणि सॅक अर्धा तास अंगणातल्या पावसात ठेवावी. पाऊस नसेल तर वरून दोन बादल्या पाणी ओतावे. नंतर उघडून कागद पाहावेत. कुठला कागद ओला झाला यावरून पाणी कुठून शिरले ते कळते. लहान मुलांना हे काम सांगावे. ती आनंदाने करतात आणि कायमची शिकतात.

वाटेवर

लोणारचे उदाहरण घेऊ. उल्कापाताने बनलेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आणि काठापासून सुमारे १३७ मीटर खोल आहे. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली, आणि २०२० मध्ये या सरोवराला रामसर पाणथळ क्षेत्राचा जागतिक दर्जा मिळाला. योगायोग असा की, १८२३ सालीच स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिंटॉशने दोन कापडांमध्ये रबराचा थर देऊन पाणी न शिरणाऱ्या कापडाचे पेटंट घेतले. आजच्या रेनकोटची सुरुवात तिथली.

असे विवर उतरताना दगड निसरडे असतात आणि वाटेत दर वळणावर आडोसा मिळत नाही. म्हणून रेनकोट आणि खाण्याची पुडी सॅकच्या अगदी वर, अस्तराच्या बाहेर ठेवावी. पाऊस चालू असताना अस्तराचे तोंड उघडायची वेळच येऊ नये. थांबल्यावर सॅक मातीत न ठेवता दगडावर ठेवावी किंवा फांदीला अडकवावी. घाटातल्या वाऱ्यात छत्री उलटते आणि एक हात अडकून पडतो. रेनकोट नसेल तर जाड प्लास्टिकचा कागद डोक्यावरून सॅकसकट पांघरावा. पावसात शेतात जाणाऱ्या बाया पोत्याची खोळ करतात, तसाच.

आपल्याकडचा पाऊस पुष्कळदा सरींनी येतो आणि मध्ये उघडीप देतो. त्या अर्ध्या तासाचा उपयोग करावा. ओला टॉवेल, सदरा सॅकला बाहेरून बांधून चालावे.

मुक्कामावर

मुक्कामाचा नियम एकच. ओले आणि कोरडे कधी एकत्र करू नये. छपराखाली पोहोचल्यावर आधी अंग पुसावे, मग कोरडा जोड काढावा. तो फक्त झोपण्यासाठी. सकाळी निघताना कोरडा जोड पुन्हा पिशवीत बांधून कालचेच ओले कपडे अंगात घालावेत. पहिली पाच मिनिटे नकोसे वाटते, चालू लागले की अंग तापते. पण कोरडा जोड मोहाने वाटेत घातला, तर पुढच्या रात्री काहीच उरत नाही.

पावसाचे वस्त्र वेगळे ठेवण्याची ही रीत फार जुनी आहे. विनयपिटकात कथा आहे की विशाखेने भिक्खू संघाला आयुष्यभर पावसाळी वस्त्रे दान देण्याची परवानगी भगवंतांकडे मागितली आणि ती तिला मिळाली. नेहमीची चीवरे वेगळी, पावसातले वस्त्र वेगळे.

ओले कपडे अंगावर तसेच राहिले आणि वर वारा लागला, तर श्रावणातही अंगातली ऊब झपाट्याने जाते. कोणी सारखे कुडकुडू लागले, बोलणे अडखळू लागले, हातातली वस्तू सुटू लागली, तर ते थट्टेवारी नेऊ नये. त्याला आडोशाला नेऊन ओले कपडे काढावेत, कोरडे घालावेत, ब्लँकेटमध्ये गुंडाळावे. शुद्धीवर असेल तर गरम, गोड चहा पाजावा आणि लवकर दवाखान्यात न्यावे. सॅकच्या तळाशी जपलेला तो कोरडा जोड अशा वेळी जीव वाचवतो.

न जाण्याचेही शहाणपण

झड लागली असेल, विजा होत असतील किंवा हवामान खात्याचा इशारा असेल, तर बेत पुढे ढकलावा. २०२३ च्या जुलैत संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत अतिवृष्टी होऊन नदी-नाल्यांना पूर आले, ते आपण विसरलेलो नाही. वाहता नाला गुडघ्याएवढा दिसला तरी ओलांडू नये. सामान भिजले तर वाळते, माणूस गेला तर परत येत नाही. भिक्खूंनाही पावसाळ्यात एका ठिकाणी राहण्याचा वर्षावास सांगितला आहे. पावसात फिरताना हिरवे गवत आणि लहान जीव पायाखाली येतात, हे त्याचे कारण. अभयारण्यात जायचे असेल तर वनविभागाची परवानगी घ्यावी.

घरी आल्यावर

सॅक तशीच कोपऱ्यात फेकू नये. रिकामी करून, चिखल धुऊन, उलटी टांगून सावलीत वाळवावी, नाहीतर दोन दिवसांत बुरशी धरते. ओल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत आणि ते दर काही तासांनी बदलावेत. मोबाईल भिजला असेल तर बंद करावा आणि पूर्ण वाळेपर्यंत चार्जिंगला लावू नये.

ही विद्या केवळ सहलीपुरती नाही. २०२४ च्या जूनमध्ये पोलीस भरतीची मैदानी चाचणी ऐन पावसाळ्यात सुरू झाली. आपली कितीतरी मुले-मुली अशा वेळी परगावी जातात, मिळेल त्या आडोशाला रात्र काढतात. त्यांच्या बॅगेत जात पडताळणीचे प्रमाणपत्र असते, गुणपत्रिका असतात. त्या कागदांसाठी आई-बापांनी रोजगार बुडवून कचेऱ्यांचे खेटे घातलेले असतात. सहलीला मूळ कागद नेऊच नयेत, झेरॉक्स न्यावी. पण भरतीला ते न्यावेच लागतात. तेव्हा आधी एक पिशवी, तिच्यावर दुसरी, मग अस्तर आणि तोंडाला दुमडलेला पीळ. हे बांधायला पाच मिनिटे लागतात. या रविवारी घरातल्या सॅक काढा आणि मुलांना अंगणात ती वर्तमानपत्राची परीक्षा करून पाहायला सांगा.