थंडीतले बिनबाटलीचे टॉनिक

तुळशीचे लग्न झाले, पसरणीच्या घाटातून पाचगणीचा गारवा खाली उतरू लागला, की आमच्या वाईतील माझ्या दवाखान्याच्या बाकावरची मंडळी बदलतात. सर्दी, खोकला, दमा हे तर असतेच. पण त्यांच्याबरोबर साठी-सत्तरीची अशी काही माणसे येतात, की ज्यांना नेमके काय होते हे त्यांचे त्यांनाच सांगता येत नाही. "डॉक्टर, अंग जड पडलंय." "जेवण जात नाही." "रात्र सरता सरत नाही." तपासावे तर विशेष काही सापडत नाही. आजचा लेख या मंडळींसाठी आणि त्यांच्या मुला-सुनांसाठी आहे.

माझ्या एका रुग्णाची हकीकत त्यांच्या परवानगीने, नाव न देता सांगतो. हे काका एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. मुलगा पुण्याला नोकरीला. श्रावणात काकू गेल्या आणि मार्गशीर्षापासून काका दर सोमवारी दवाखान्यात येऊ लागले. रक्तदाबाचा त्रास जुनाच होता, तो थोडा वाढलेला दिसला. मी एक गोळी वाढवली. रक्त, लघवी, कार्डिओग्राम सगळे करून घेतले. ताकदीचे औषध दिले. झोप येत नाही म्हणाले, म्हणून झोपेची गोळी दिली. तिसऱ्या आठवड्यात ते रात्री लघवीला उठले आणि मोरीत तोल जाऊन पडले. कोपराला मुका मार बसला. हाड मोडले नाही, हे त्यांचे नशीब आणि माझेही. कारण उतारवयात झोपेच्या गोळीने असा तोल जातो, हे मला ठाऊक होते आणि तरीही मी ती सहज लिहून दिली होती.

त्या दिवशी आमचा कंपाउंडर मला म्हणाला, "साहेब, ते काका औषधाला येत नाहीत. बोलायला येतात. आठवड्यात दुसरीकडं कुठं जातच नाहीत."

मी पंचवीस-तीस वर्षे नाड्या बघतो आहे, पण हे निदान माझे नव्हते.

थंडीत होते काय?

थंडीत शरीर आतली ऊब राखण्यासाठी त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसून घेते. त्यामुळे अनेकांचा रक्तदाब उन्हाळ्यापेक्षा थोडा चढा राहतो. तहान कमी लागते, लघवीला मात्र जास्त होते. सांधे आखडतात. साहजिकच म्हातारे माणूस म्हणते, कशाला बाहेर पडायचे? मग दार-खिडक्या लावून, शाल पांघरून दिवसभर टी.व्ही.समोर बसणे सुरू होते. बसून बसून सांधे अधिक आखडतात, भूक मरते, पोट साफ होत नाही. दुपारी डुलक्या काढल्या, की रात्री झोप येत नाही. झोप नाही म्हणून सकाळी उठवत नाही. घरात बोलायला कोणी नसेल, तर या चक्राला मनाची उदासीही जोडली जाते.

थंड देशांत हिवाळ्यात दिवस सात-आठ तासांचा होतो आणि उजेड कमी पडल्याने काही माणसांना दरवर्षी ठरलेल्या काळात उदासी येते. या आजाराचे सविस्तर वर्णन १९८४ साली प्रसिद्ध झाले. आपल्या सातारा जिल्ह्यात मात्र डिसेंबरातला सर्वांत लहान दिवसही सुमारे ११ तासांचा असतो. ऊन आपल्या दारात येते, आपणच दार लावून आत बसतो.

म्हणून काकांच्या केसपेपरवर मी चार गोष्टी लिहून दिल्या. झोपेची गोळी हळूहळू बंद केली. रक्तदाबाच्या गोळ्या मात्र चालू ठेवल्या, हे लक्षात घ्यावे.

पहिले औषध : ऊन

सकाळी कोवळ्या उन्हात अर्धा तास बसावे. त्या उजेडाने झोपेचे घड्याळ ताळ्यावर येते. 'ड' जीवनसत्त्वासाठी मात्र ऊन जरा चढलेले लागते. साधारण दहा ते तीनच्या दरम्यान हातापायांच्या उघड्या कातडीवर वीस-पंचवीस मिनिटे ऊन पडू द्यावे. बंद काचेच्या आड बसून ते जीवनसत्त्व तयार होत नाही. आजीबाईंनी पावट्याच्या शेंगा सोलायचे काम स्वयंपाकघरात न करता अंगणात किंवा गच्चीवर करावे. शेजारणीलाही हाक मारावी. शेंगा लवकर सोलून होतात आणि मनही हलके होते.

दुसरे औषध : चालणे

पहाटे पाचला फिरावयास जाण्याची पुष्कळांना हौस असते. थंडीत ती आवरावी. त्या वेळी गारठा सर्वांत जास्त असतो, आणि धूर-धूळ जमिनीलगत साचून राहते. हृदयविकार, रक्तदाब, दमा असणाऱ्यांनी सूर्य वर आल्यावरच बाहेर पडावे. डोके, कान झाकावेत. सुरुवातीची पाच मिनिटे सावकाश चालावे. चालताना छातीत दाटून आले, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली, तर तिथेच थांबावे आणि त्याच दिवशी, त्याच तासाला डॉक्टरांकडे जावे. "गॅस असेल" म्हणून घरी पडून राहू नये.

जायचे कोठे, हे ठरलेले असले म्हणजे पाय निघतात. आम्हां वाईकरांना कृष्णेचे घाट आहेत, ढोल्या गणपती आहे. तीन किलोमीटरवर मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा, घाट आणि वसईच्या मोहिमेतून आणलेली ती मोठी घंटा आहे. माघ महिन्यात घाटाघाटांवर कृष्णाबाईचा उत्सव असतो. मुंबई-पुण्याची माणसे पैसे खर्चून हे पाहावयास येतात आणि आपल्यापैकी कित्येकांनी दहा-दहा वर्षांत मेणवलीची पायरी चढलेली नसते. २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी.चा प्रवास मोफत आहे. ६५ ते ७५ वयाच्यांना निम्मे तिकीट आहे. आधारकार्ड खिशात असू द्यावे.

शेतात हुरडा, हुळा खायला जरूर जावे. मधुमेह असेल, तर हुरडा हा भाकरीच्या जागी समजावा, भाकरीवर वाढीव नव्हे. सोबतचा गूळ आणि रेवड्या दुसऱ्यांच्या पानात सरकवाव्यात. रक्तदाब असेल, तर चटणी बोटाने चाखावी, मुठीने नव्हे.

तिसरे औषध : वाचन

काकांना विचारले, "पूर्वी फावल्या वेळात काय करायचात?" म्हणाले, "मुक्कामाची गाडी असली, की रात्री कंदिलाच्या उजेडात बाबूराव अर्नाळकर वाचायचो." मी म्हटले, मग वाचनालयाचे सभासद व्हा.

महाराष्ट्राला वाचनालयांची परंपरा जुनी आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे. १९६७ साली आपल्या राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि गावोगावच्या वाचनालयांना सरकारी अनुदानाचा आधार मिळाला. थंडीचे दिवस तर वाचणाऱ्याच्या सुगीचे. दिवाळी अंकांची परंपरा 'मनोरंजन' मासिकाने १९०९ साली सुरू केली. आज बहुतेक वाचनालये दिवाळीनंतर थोड्या जादा वर्गणीत हे अंक घरी वाचायला देतात. संक्रांत उलटून गेली, तरी ते संपत नाहीत.

काकांनी मात्र दुसऱ्याच आठवड्यात पुस्तक परत केले. "अक्षरं पळतात," म्हणाले. बॅटरी लावून पाहिले, तर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. वर्षभर टी.व्ही. धूसर दिसत होता, पण हा टी.व्ही.चाच दोष, असे ते धरून चालले होते. शस्त्रक्रिया झाली, चष्मा आला आणि वाचन सुरू झाले. तेव्हा "वाचावेसे वाटत नाही" असे कोणी म्हणाले, तर आधी डोळे तपासून घ्यावेत. वाचल्याने डोळे बिघडत नाहीत. अपुऱ्या उजेडात ते थकतात, एवढेच. पुस्तक सुमारे सव्वा फुटावर धरावे, उजेड मागून किंवा बाजूने पानावर यावा, वीस मिनिटांनी नजर लांब टाकावी. झोपण्यापूर्वी तासभर मोबाईल दूर ठेवून पुस्तकाची चार पाने वाचावीत. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना नातवाने रोज पेपर मोठ्याने वाचून दाखवावा. त्यात नातवाचेही वाचन सुधारते.

चौथे औषध : माणूस

हे औषध दुकानात मिळत नाही, आणि वरची तिन्ही औषधे त्याशिवाय फारशी लागू पडत नाहीत. उन्हात बसायचे ते कट्ट्यावर, चालायचे ते सोबतीने, वाचलेले सांगायचे ते कोणाला तरी. परगावच्या मुलांनी रोज ठरल्या वेळी फोन करावा आणि "गोळ्या घेतल्या का?" याच्यापुढे जाऊन "आज कुठे गेला होतात?" असे विचारावे.

दोन इशारे

बंद खोलीत शेगडी पेटवून झोपू नये. तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला वास नसतो, आणि तो झोपेतच माणसाचा घात करतो.

दुसरे असे, की प्रत्येक उदासी उन्हाने जात नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच मन लागत नसेल, वजन उतरत असेल, "आता जगून काय करायचे?" असे शब्द येत असतील, तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. डॉक्टरांना दाखवावे. शासनाच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते.

काकांचे म्हणाल, तर काकू परत आल्या नाहीत आणि रक्तदाबही गेला नाही. थंडी आली, की अजूनही त्यांना काही दिवस जड जातात. पण रोज दहा वाजता ते वाचनालयाच्या ओट्यावर असतात आणि शनिवारी दोघा-तिघांना घेऊन मेणवलीला जातात. सगळ्यांची तिकिटे तेच काढतात. सवय जात नाही म्हणतात. माझ्याकडे आता महिन्यातून एकदाच येतात. परवा आले, तेव्हा घाईत होते. "लवकर बघा डॉक्टर, खाली मंडळी थांबलीत," म्हणाले.

आपल्या गल्लीत असे एखादे दार थंडीत लावलेले दिसत असेल, तर या आठवड्यात ते एकदा वाजवून पाहावे.