टपावरचा संसार

मराठी माणसाला गाडीचा टप नवा नाही. एसटीच्या मागच्या शिडीने हमाल वर चढायचा, वळकट्या, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, लग्नाची भांडी असं सगळं खालून वर दिलं जायचं आणि दोराच्या चार फेऱ्यांत आवळलं जायचं. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीच्या डोक्यावर लोखंडी कॅरियर असे. ती टॅक्सी २०२३ साली रस्त्यावरून कायमची उतरली. त्या कॅरियरची निवड कुणी केल्याचं मला आठवत नाही. ते गाडीबरोबर यायचं. दोर आपला आणि जबाबदारी देवाची.

डेन्व्हरला मुलीकडे गेलो तेव्हा कळलं की टपावर काय बसवायचं, हा एका कुटुंबाचा महिनाभराचा विषय होऊ शकतो.

डेन्व्हर समुद्रसपाटीपासून बरोबर एक मैल उंचीवर वसलेलं शहर, म्हणजे ५,२८० फूट. आपलं कळसूबाई त्याहून जेमतेम शंभर-सव्वाशे फूट उंच. शहराच्या पश्चिमेला रॉकी पर्वताची भिंत आणि तिच्यावर बर्फात घसरण्याची ठिकाणं. हिवाळ्यात शनिवार-रविवारी पहाटे पाचपासून आय-सेव्हन्टी या महामार्गावर गाड्यांची रांग लागते आणि त्यातल्या निम्म्या गाड्यांच्या डोक्यावर लांबट काहीतरी बांधलेलं दिसतं. माझी लेक आणि जावई स्कीवर जातात, नऊ वर्षांचा नातूही. चौदा वर्षांची नात मात्र स्नोबोर्डवाली. या दोन पंथांत पूर्वी शैव-वैष्णवांइतकं वैर होतं म्हणतात. स्की फार जुनी. शब्दच मुळी जुन्या नॉर्स भाषेतला, फोडलेल्या लाकडाचा. बोर्ड मात्र परवाचा. १९६५ साली मिशिगनमधल्या एका गृहस्थाने मुलींना खेळायला दोन स्की एकत्र जोडून दिल्या, तिथून त्याची सुरुवात. १९९८ साली नागानोला बोर्ड ऑलिंपिकमध्ये गेला, तरी युटामधल्या आल्टासारख्या दोन-तीन ठिकाणी त्याला अजून प्रवेश नाही. आमच्या घरात दोन्ही पंथ एकाच गाडीत बसतात.

प्रश्न नेमका त्या बसण्याचाच होता. गाडी तीन रांगांची, सात आसनांची. स्की आत ठेवायच्या तर मागची रांग संपूर्ण आणि मधली अर्धी दुमडावी लागे. मग उरायच्या चार जागा. म्हणजे आम्ही उभयता घरी. पहिल्या हिवाळ्यात आम्ही दोघं दर शनिवारी खिडकीतून हात हलवून त्यांना निरोप देत असू. त्यात तक्रार काही नव्हती; सौभाग्यवतींचं विणकाम आणि माझं लेखन होतंच. पण एका शुक्रवारी नातू आजीला म्हणाला, "तू मला कधी पाहिलंच नाहीस ना गं?" आणि दुसऱ्या दिवशी जावईबापूंनी गाडीचं पुस्तक काढलं.

खरं तर त्याआधीच काढायला हवं होतं, हे माझं मत. मोकळ्या ठेवलेल्या स्कीच्या कडा पोलादी आणि धारदार असतात. त्या मार्गावर सहा-सात टक्क्यांचा उतार मैलोन्‌मैल आहे. तिथे करकचून ब्रेक लागला तर मागच्या पोलादी पट्ट्या मुलांच्या मानेशी येतील, हे सांगायला मला स्की यायची गरज नव्हती.

गाडीच्या पुस्तकात एक आकडा असतो: टपावर चालत्या गाडीत किती वजन चालेल. आमच्याकडे तो १६५ पौंड, म्हणजे सुमारे ७५ किलो. पुष्कळ लोक इथेच थांबतात. पण दांड्यांची स्वतःची मर्यादा वेगळी, वर बसवायच्या कॅरियरची आणखी वेगळी, आणि तिघांत जी सर्वांत कमी ती आपली. बँकेत कॅश क्रेडिट खातं सांभाळलेल्याला हे चटकन समजतं. मंजूर मर्यादा कितीही असो, गोदामातल्या मालावर जेवढं निघतं तेवढंच उचलायचं. दोघांत कमी ते खरं. शिवाय दांड्या आणि पेटी यांचं वजनही त्याच ७५ किलोंत मोजायचं. हे विसरणारे खूप.

दांड्या, म्हणजे टपावर आडवे टाकायचे दोन बार, हा सगळ्याचा पाया. त्यांना धरणारे पाय गाडीप्रमाणे बदलतात. टपावर उंच कठडे असतील तर काम सोपं. कठडा टपाला चिकटून असेल तर पाय वेगळे. साफ बोडका टप असेल तर दाराच्या चौकटीला पकडणारे चिमटे लागतात, आणि तेही त्या मॉडेलचेच. जुन्या गाड्यांना पावसाचं पाणी वाहून जायला टपाच्या कडेने पन्हळ असे. पद्मिनी आणि ॲम्बॅसॅडरची कॅरियर तिलाच धरून बसत. ती पन्हळ गेली आणि हा सगळा पायांचा पसारा आला. दांडी चौकोनी स्वस्त, विमानाच्या पंखासारखी चपटी महाग. पण चौकोनी दांडी वाऱ्यात शीळ घालते. साठ मैलांच्या वेगाला ती शीळ दीड तास ऐकायची म्हणजे शिक्षाच. दोन दांड्यांमधलं अंतर दोन फुटांहून कमी नसावं, नाहीतर स्कीची टोकं हेलकावतात.

चुंबकाने चिकटणारी कॅरियरही मिळतात. पाच मिनिटांत लागतात, पाच मिनिटांत निघतात. पण टप ॲल्युमिनियमचा किंवा काचेचा असेल तर चुंबक काय करणार? आणि खाली रस्त्याची रेती अडकली की रंगावर ओरखडे. भाड्याच्या गाडीला एखाद्या वेळी ठीक.

मग खरा वाद उरला दोन गोष्टींत, पेटी की चिमटा. पेटी म्हणजे टपावरची बंद झाकणाची लांब डबी. हिच्यात स्की, बोर्ड, बूट, सगळं जातं आणि कुलूप लागतं. मोठा गुण असा की रस्त्यावर फवारलेलं मॅग्नेशियम क्लोराइड आणि मीठ आतल्या सामानाला लागत नाही. उघड्यावरच्या स्कीच्या कडा त्याने गंजतात, बाइंडिंगच्या सांध्यात ते शिरतं. चिमटा म्हणजे रबराचे दोन लांब जबडे. मध्ये स्की ठेवायच्या आणि दाबून बंद करायचं. स्वस्त, हलका, काढायला सोपा. पण सामान उघड्यावर.

जावई पेटीच्या बाजूचे. लेक चिमट्याच्या. मी कागद घेतला. दांड्या १५ पौंड, पेटी ५०, चौघांच्या स्की आणि बोर्ड मिळून ४५, बूट ३०, एकूण १४०. मर्यादेत बसतं, पण काठावर. त्यातून पेट्रोल. अमेरिकी सरकारचेच आकडे आहेत: टपावरच्या मोठ्या, बोथट पेटीने शहरात मायलेज दोन ते आठ टक्क्यांनी घटतं आणि ताशी ६५ ते ७५ मैलांना दहा ते पंचवीस टक्क्यांनी. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्याचा हा हिशेब. पेटीला ६०० डॉलरपासून हजारापलीकडे, चिमट्याला त्याच्या निम्म्याहूनही कमी. दांड्या दोन्हीकडे सारख्याच लागतात.

पण निकाल लावला तो गॅरेजच्या दाराने. दार सात फुटी. गाडी जमिनीपासून पाच फूट दहा इंच, दांड्या आणि पाय चार इंच, पेटी सोळा इंच. बेरीज साडेसात फूट. पेटी घेतली तर गाडी रात्री बर्फात उभी. जावईबापूंनी स्वतःच फीत लावून दोनदा मोजलं आणि हसून पेटीचा नाद सोडला. सामान लादलेल्या चिमट्यानिशी गाडी आत जाते, पण वर दोन-तीन इंचच उरतात. दार दोन इंच कमी उघडलं की संपलं. त्या भागातल्या दुकानदारांना विचारलं तर टपावरचं सामान विसरून गाडी आत घातलेली गिऱ्हाइकं त्यांना दर हंगामात भेटतात. नातीने गॅरेजच्या बटणाखाली चिठ्ठी डकवली आहे: "वर बघ." तिला मराठी इतकंच लिहिता येतं, पण पुरतं.

चिमट्यातही पाहण्यासारखं बरंच आहे. सहा जोड्यांचा म्हणून विकतात, त्यात आजच्या रुंद स्की चारच धड बसतात. बाइंडिंग उंच असतं, म्हणून चिमटा टपापासून पुरेसा वर हवा. नाहीतर पत्र्याला खोक पडते. बटण मोठं हवं, जाड हातमोजे घालून दाबता येईल असं. आमची लेक पाच फूट एक इंच, गाडी उंच. तिच्यासाठी बाहेर सरकणारा चिमटा घेतला; ड्रॉवरसारखा ओढायचा, सामान लावायचं, आत ढकलायचं. त्याला जास्त पैसे पडले. मला ते पटले, कारण पहाटे अंधारात, बर्फाळ पायरीवर चढून वाकणाऱ्या बाईची कंबर त्याहून महाग. स्की ठेवताना वर वळलेलं टोक मागच्या बाजूला करायचं, नाहीतर वारा त्याच्याखाली शिरून उचलू पाहतो. आणि बसवल्यावर तीसेक मैलांनी थांबून सगळे स्क्रू पुन्हा तपासायचे.

त्या शनिवारी आम्ही सहाजण निघालो. बुटांची पिशवी सौभाग्यवतींच्या पायाशी. आयसेनहॉवर बोगद्याजवळ, त्याच्या अलीकडेच लव्हलँड हे ठिकाण आहे; बोगदा त्याच्याच उतारांखालून जातो. १९७३ साली उघडलेला हा बोगदा ११,००० फुटांहून उंच आहे, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीवर. तिथे वीस पावलं चाललो तरी मला दम लागला. आम्ही काचेआड बसलो, पाणी पीत राहिलो. साडेदहाला निळं शिरस्त्राण घातलेला एक ठिपका वरून वाकडातिकडा आला, पडला, उठला, पुन्हा पडला आणि काचेसमोर येऊन थांबला. आजीने दोन्ही हात वर केले.

संध्याकाळी घरी आल्यावर स्की साध्या पाण्याने धुऊन पुसायच्या, हे काम माझ्याकडे आलं आहे. उघड्या चिमट्याची ही किंमत आहे आणि ती मला जड नाही. नातवाच्या स्की मात्र हंगामापुरत्या भाड्याच्या. वाढत्या पायाला विकत घेणं हा तोट्याचा व्यवहार. एप्रिलच्या शेवटी दांड्यांसकट सगळं काढून गॅरेजच्या भिंतीवर टांगायचं, कारण रिकाम्या दांड्याही पेट्रोल पितात. काढायला दोन माणसं आणि वीस मिनिटं लागतात. पुढच्या वर्षी त्यांना गाडी बदलायची आहे. तेव्हा दांड्या आणि चिमटा तेच चालतील. पाय आणि चिमट्यांचा संच तेवढा नवा लागेल. गाडी पसंत करताना टपाला कठडे आहेत का आणि ती सात फुटी दाराखालून जाते का, हे लेकीने आताच विचारायला सुरुवात केली आहे.