संस्थेचें स्वतःचें शोधयंत्र

सेवाभावी संस्थेनें आपले अहवाल व लेख संगणकावर चढविले, तरी गरजूस ते सांपडतीलच असें नाहीं. यासाठीं त्या संग्रहापुरतेंच शोधयंत्र उभारतां येतें. गूगलनें २००६ सालीं निवडक संकेतस्थळांपुरता शोध घेण्याची सोय काढली. तत्पूर्वींच, १९९९ मध्यें, डग कटिंग यांनीं 'लुसीन' हें साधन लिहिलें होतें; पुढें तें विनामूल्य खुलें झालें. ग्रंथाच्या शेवटीं असणाऱ्या शब्दसूचीप्रमाणें तें प्रत्येक शब्दाचीं ठिकाणें नोंदून ठेवतें. परंतु मराठींत 'पाणी' शोधणाऱ्यास 'पाण्याचा', 'पाण्यांत' हीं रूपें मिळालीं नाहींत, तर टंचाईवरील उपयुक्त लेख असूनहि नसल्यासारखाच! म्हणून यंत्रास सामान्यरूपांची ओळख करून द्यावी लागते. व्याकरण जाणणाऱ्या घरोघरच्या वडील मंडळींनीं हें काम अवश्य अंगावर घ्यावें.