बोंब, बंब आणि धुराची घंटा

मराठीत ‘बंब’ या एकाच शब्दात आग पेटवणे आणि आग विझवणे ही दोन्ही कामे सुखाने नांदतात. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीचे पाणी तापवतो तो बंब, आणि घंटा घणघणत धावून येतो तोही बंब! शब्द मुळात पोर्तुगीजांचा. त्यांचा ‘बोंबा’ म्हणजे पंप. तोंडावर हात मारून ठोकायची आपली बोंब निराळी. शहापूर-मुरबाडकडच्या पाड्यांवर आगीची वर्दी देण्याचे काम तिचेच. बंबाच्या वाटेवर डोळे लावून बसावे, तर ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ अशी गत!

पण बोंब ठोकायला कोणीतरी जागे असावे लागते. धुराच्या वासाने जाग येईलच, हा आपला भरवसा फसवा आहे. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो आणि झोपलेला माणूस अधिकच गुंगत जातो. पुष्कळदा ज्वाळा अंथरुणापर्यंत पोचण्याआधीच सारे संपलेले असते.

माझा भाचा स्कॉटलंडात असतो. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला २०१७ साली आग लागली, त्यानंतर तिथे नियम कडक झाले. १ फेब्रुवारी २०२२ पासून प्रत्येक घराच्या बैठकीत आणि प्रत्येक मजल्यावरच्या बोळात स्मोक अलार्म हवा, स्वयंपाकघरात उष्णता ओळखणारा अलार्म हवा, आणि ही सारी मंडळी एकमेकांशी जोडलेली हवीत. एकाने गळा काढला की सगळ्यांनी काढायचा. स्वयंपाकघरात धुराचा अलार्म का नाही, हे फोडणीचा ठसका लागलेल्या वाचकांना सांगायला नकोच!

आपल्याकडे २००६ चा आग प्रतिबंधक अधिनियम आहे. तो ज्या इमारतींना लागू आहे, त्यांनी दर जानेवारीत आणि जुलैत आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला द्यायचा असतो. आसनगाव-वासिंदकडे उंच इमारतीत घर घेणाऱ्याने हा दाखला खुशाल मागून पाहावा. माझ्या शहापूरच्या कौलारू घरावर मात्र अलार्मची सक्ती नाही. तरीही मी तीन बसवले. आई मागच्या खोलीत निजते, कानाने मंद आहे. आम्ही निजतो माडीवर. स्वयंपाकघरातली एकटी घंटा दोघांपैकी कोणालाच ऐकू गेली नसती. तिन्ही बिनतारी जोडलेले आहेत आणि आतली बॅटरी दहा वर्षांची, म्हणजे लाईट गेल्याची चिंता नाही.

मुरबाड तालुक्यातल्या माझ्या सासुरवाडीचे कोडे अवघड. चूल, गोठा आणि माळ्यावरचा पेंढा, सारे एका छपराखाली! मेहुणा म्हणाला, “दाजी, हा तर रोज सकाळी बोंबलेल!” त्याचे खरे होते. चुलीच्या घरात धूर हा कुटुंबातलाच एक. शिवाय तक्तपोशी नसली की धूर कौलांच्या फटींतून परस्पर निघून जातो. शेवटी ठरले ते असे: चुलीपाशी आणि गोठ्यात उष्णतेचे अलार्म, निजायच्या खोलीत तक्तपोशी मारून धुराचा, आणि गोठ्यातला वाजला की खोलीतलाही वाजला पाहिजे.

एक गोष्ट मात्र यंत्राच्या हातची नाही. भात झोडून झाले की पेंढ्याची उडवी घराच्या भिंतीलाच रचायची, ही तिथली वहिवाट. आणि नेमके त्याच दिवसांत पोरे बाण उडवतात. उडवी खळ्यावर न्या, असे मी सुचवले. अलार्म त्याने आनंदाने लावून घेतले. उडवीचे “बघू” म्हणाला.